पुन्हा धावायचे आहे, पण वेळ कोणाचा?



आपल्या कोणत्याही वस्तीजवळच्या मैदानावर पहाटे पाच-साडेपाचला गेलात तर एक दृश्य हमखास दिसते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली चकरा मारीत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि एकेका सेकंदाचा हिशोब. मैदानाच्या कडेला दुधाची पिशवी हातात घेतलेले चाळिशीचे चार-दोन बाप घटकाभर थांबून बघतात आणि निघून जातात. यातले बरेच जण एके काळी स्वतः धावलेले असतात. कोणी भरतीसाठी, कोणी कबड्डीच्या संघासाठी, कोणी शाळेच्या स्पर्धेत. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली, घर लांब उपनगरात गेले, येण्याजाण्यात रोजचे तीन-चार तास जाऊ लागले. धावणे कधी सुटले ते कळलेही नाही.

अलीकडे विहारात, मंडळाच्या बैठकीत, लोकलच्या डब्यात अनेक बांधव आम्हास विचारतात, "पुन्हा सुरू करावे म्हणतो, पण जमत नाही. काय करावे?" काहींनी तीन-तीनदा सुरू करून सोडले आहे. म्हणून या आठवड्याचे सदर याच विषयाला दिले आहे. ज्यांचे अंग दिवसभर ओझी उचलण्यात, झाडलोट करण्यात झिजते, त्या माय-बापांना आम्ही "धावा" म्हणणार नाही. त्यांना गरज आहे ती झोपेची, पोटभर सकस अन्नाची आणि रजेची. हा लेख आहे तो खुर्चीवर, गाडीच्या सीटवर, यंत्रापुढे किंवा गल्ल्यावर एकाच जागी आठ-नऊ तास काढणाऱ्यांसाठी. आम्ही कारकून मंडळी त्यात पहिल्या रांगेत बसतो.

एका जागी बसण्याचे काय होते, हे लंडनच्या बसगाड्यांवरून जगाला कळले. तिथल्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढत-उतरत असे. दोघे एकाच वर्गातले, एकाच डेपोतले. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोघांच्या हृदयविकाराचा हिशोब मांडला आणि तो १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता आणि झालाच तर तो कमी तीव्रतेचा होता. टपाल खात्यातही तेच आढळले. दारोदार फिरणारा पोस्टमन टेबलावरच्या कारकुनापेक्षा सुरक्षित निघाला. आपल्याकडे आज काय स्थिती आहे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर असल्याचे दिसले. प्रौढांपैकी शेकडा ३५ जणांना रक्तदाब आढळला. आपल्या घरांत हा आजार आला की औषधाचा खर्च दरमहा लागतो, आणि तो मुलांच्या शिकवणीच्या फीमधून निघतो. कर्त्या माणसाचा एक झटका म्हणजे मुलीचे कॉलेज बंद, हे आपण आपल्या आजूबाजूला पाहिलेले आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते. पायांच्या मज्जातंतूंचे दुखणे तर असे होते की शेवटच्या वर्षांत त्यांना आधाराशिवाय चालणे कठीण झाले. तशा प्रकृतीत त्यांनी घटनेचे काम पार पाडले, धम्मदीक्षा दिली, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर, हा विचार प्रत्येक महापरिनिर्वाण दिनी आपल्या मनात येतो.

धावणे-चालणे हे शहरी चोचले आहेत, असे कोणी म्हणेल तर त्याला धम्माकडे बोट दाखवावे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमण, म्हणजे ठरावीक जागेत संथपणे येरझारा घालणे, सांगितले. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ दिले आहेत: लांबचा प्रवास सोसतो, परिश्रमाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते आणि मिळालेली एकाग्रता अधिक काळ टिकते. बुद्धगयेला जाऊन आलेल्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूची चंक्रमणाची जागा पाहिली असेल. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत आजच्या डॉक्टरला खोडण्यासारखे फारसे नाही.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. विचारणाऱ्यांपैकी प्रत्येकाचे पहिले वाक्य असते, "वेळ नाही." हे खोटे नाही. पण आपल्याला जो काही वेळ उरतो तो कोठून आला, हेही आठवावे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी फुरसतीचा मुद्दा फार ठासून मांडला आहे. यंत्र माणसाला फुरसत देते, आणि जनावरासारखे केवळ राबत राहण्यापेक्षा वेगळे, सुसंस्कृत जीवन फुरसतीशिवाय शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे आपली फुरसत ही कोणा मालकाची मेहेरबानी नव्हे. ती झगडून मिळवलेली आहे. त्यातला किती भाग आज मोबाईलच्या पडद्यावर अंगठा फिरवण्यात जातो, ते ज्याने त्याने आपल्याशी मोजावे. आम्ही एवढेच म्हणू की रात्री साडेअकरापर्यंत पडदा बघणाऱ्याला पहाटे पाचला उठवत नाही, आणि त्यात पहाटेचा काही दोष नाही.

परंतु या फुरसतीच्या हिशोबात एक मोठी गफलत आहे. ती आम्हास एका उपासिकेने दाखवून दिली. विहारात आरोग्यावर बोलणे चालले असता त्या मागच्या रांगेतून म्हणाल्या, "दादा, हे पहाटे धावायला जातात ते चांगलंच आहे. पण नळ पाचला येतो. पाणी मी भरते, डबे मी करते, पोरांना मी उठवते. हे घाम पुसत येतात तेव्हा चहा तयार पाहिजे असतो. मग मी कधी धावू? शुगर तर मलाही निघाली आहे."

सभेत काही पुरुष हसले. हसण्यासारखे त्यात काय होते ते आम्हास कळले नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत दिसले की घरकामात हात घालणारी स्त्री रोज सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करते आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही घरकाम करणारे पुरुष मुळातच थोडे. जी मिनिटे पुरुषाला "मिळतात", ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी कमरेतून निघालेली असतात. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली आणि पत्नीने पतीची मैत्रीण, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होऊ नये, असे बजावले. त्या भाषणाचे दाखले आपण व्यासपीठावरून देतो. पहाटेच्या नळावर ते लागू करायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. बायकोच्या झोपेवर आणि कष्टावर चालणारे धावणे तीन आठवड्यांत बंद पडते, हा आमचा पाहण्यातला अनुभव आहे. घरात कुरबुर सुरू होते आणि ती न्याय्य असते.

म्हणून बूट घेण्याआधी घरात बसून वेळापत्रक करावे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एकाचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसऱ्याचे. ज्याचा दिवस नाही त्याने नळ, डबा आणि मुले सांभाळायची. तीन दिवस पुरे आहेत, रोज धावण्याची गरज नाही. उलट मधला दिवस विश्रांतीचा असणे पायांसाठी आवश्यक आहे. पुरुषांना डबा करता येत नाही ही सबब चालणार नाही. रात्रीच भाजी चिरून ठेवावी, कणीक मळून झाकून ठेवावी, डबे धुऊन ओट्यावर मांडून ठेवावेत. सकाळी पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या तरी पोटात गेल्यावर त्या गोलच असतात. घरात सासू-सासरे असतील तर त्यांनाही या बैठकीत घ्यावे. नाहीतर सुनेने बूट घातल्याबरोबर भुवया वर जातात. ज्या घरात एकच पालक आहे, त्यांनी शेजारणीशी अदलाबदल करावी. आज तुझी पोरे मी बघते, उद्या माझी तू. चाळीत हे पूर्वी सहज होत असे. फ्लॅटमध्ये दार वाजवावे लागते, एवढाच फरक.

महिलांच्या धावण्याविषयी थोडे अधिक, कारण यावर कोणी बोलत नाही. सलवार-कमीज चालते, ओढणी मात्र घरी ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी. छातीला नीट आधार देणारे अंतर्वस्त्र ही चैन नव्हे. बुटाइतकेच ते गरजेचे आहे. बाळंतपणानंतर किमान तीन महिने धावू नये, चालावे. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या अनेक भगिनींना धावताना, खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब जातात, आणि त्या लाजेने धावणे सोडतात. हा आजार लपवण्याचा नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे साधे व्यायाम असतात, त्यांनी पुष्कळ फरक पडतो. सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोग विभागात निःसंकोच विचारावे. पहाटे एकटीने न जाता दोघी-तिघींनी जावे. मुलगी भरतीची तयारी करीत असेल तर तिच्याबरोबर आईने जावे. मुलीला सोबत होते, आईच्या चार चकरा होतात.

या ठिकाणी बारामतीच्या लता करे यांची आठवण होते. मोलमजुरी करणाऱ्या, साठी ओलांडलेल्या या माउलीने नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी साडीत, अनवाणी पायांनी बारामतीची ज्येष्ठांची शर्यत धावून जिंकली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केले. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीचे भरभरून कौतुक केले, ते योग्यच. पण एका मजूर स्त्रीला नवऱ्याच्या तपासणीसाठी या वयात शर्यत जिंकावी लागते, यात कौतुकापेक्षा लाज वाटण्यासारखे अधिक आहे. ही लाज त्या माउलीने वाटून घ्यायची नाही, व्यवस्थेने घ्यायची आहे. कोणाच्याही आईवर असे धावण्याची पाळी येऊ नये. तिला धावायचेच असेल तर तिच्या स्वतःच्या तब्येतीसाठी, पायात बूट घालून धावता यावे.

आता प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी. जे तीन-तीनदा सुरू करून सोडतात, त्यांची कहाणी बहुधा सारखीच असते. वीस वर्षांपूर्वीचे घड्याळ त्यांच्या डोक्यात चालू असते. "मी साडेपाच मिनिटांत १६०० मारायचो" म्हणत पहिल्याच दिवशी ते जोरात सुटतात. पहिला आठवडा अंग ठणकते. तिसऱ्या आठवड्यात दम परत येऊ लागतो, वाटते जमले. आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात नडगी धरते किंवा टाच दुखू लागते. मग बूट माळ्यावर जातात.

असे का होते, ते समजून घेतले तर निम्मे काम झाले. हृदय आणि फुप्फुसे लवकर तयार होतात, दोन-तीन आठवड्यांत त्यांचा फरक जाणवतो. स्नायू त्यामागून येतात. पण स्नायूंना हाडाशी जोडणारे बंध आणि स्वतः हाडे यांना नवा भार सोसायला कित्येक महिने लागतात. म्हणजे दम म्हणतो पळ, आणि टाच म्हणते थांब. चाळिशीनंतर टाचेचे ऐकावे.

पहिले दोन आठवडे फक्त चालावे, आठवड्यात तीन-चार दिवस, २० ते ३० मिनिटे, भरभर. तिसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटे चालून झाल्यावर एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा करावे. घड्याळ नसेल तर उजवा पाय ८० वेळा जमिनीवर पडला की साधारण एक मिनिट झाले असे समजावे. पुढे दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवावा. दोन मिनिटे, तीन मिनिटे, पाच मिनिटे. दोन-अडीच महिन्यांत सलग २० मिनिटे धावता येऊ लागतात. एखादा टप्पा जड गेला तर तोच आणखी आठवडाभर करावा, मागे पडलो असे मानू नये. वजन जास्त असेल तर चालण्याचे दोन आठवडे सहा करावेत. वेग किती असावा? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, इतका. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. पावले छोटी टाकावीत. भरतीची मुले शेजारून सुसाट जातील, एखादा म्हणेलही, "काका, जरा जोरात!" त्याला जयभीम घालावा आणि आपली पावले मोजावीत.

कोसल देशाच्या पसेनदी राजाची गोष्ट आपण ऐकली असेल. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मिताहाराचा बोध केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले आणि जेवणाच्या वेळी त्याने तो बोध म्हणून दाखवावा असे ठरवले. राजाचा आहार उतरला तो एका दिवसात नव्हे, क्रमाक्रमाने. आपल्या घरात सुदस्सनाचे काम आठ-दहा वर्षांचे पोर फार चोख करते. त्याच्या हाती वही द्यावी, आज बाबा किती चालले, आई किती धावली हे त्याने लिहावे. वहीतली रिकामी ओळ ते पोर सहन करीत नाही.

दुखण्यातला फरक ओळखावा. दोन्ही पोटऱ्या, दोन्ही मांड्या दोन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. एकाच जागी दुखत असेल, बोट लावले की कळ येत असेल, धावताना वाढत असेल, तर थांबावे, आणि आठवडाभरात कमी न झाल्यास दाखवावे. सकाळी अंथरुणातून उठताच पहिल्या पावलाला टाच दुखत असेल तर धावणे कमी करून पोटऱ्यांचे ताण द्यावेत. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा हळूहळू वर-खाली करणे, १५ वेळा, हा बिनखर्चाचा उत्तम व्यायाम आहे. बूट महागडा नको. टाचेखाली गादी असावी, अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, आणि तळ घासून सपाट झाला की तो बूट बाजारहाटीला वापरावा.

पहाटेची आणखी एक भीती कुत्र्यांची. कुत्री अंगावर आली तर पळू नये. थांबून चालू लागावे. चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात इंजेक्शनचा पहिला डोस घ्यावा. हळद-चुना लावून बसू नये.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे? ज्यांना मधुमेह, रक्तदाब, छातीचे दुखणे आहे, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला तरुणपणी झटका आला आहे, जे तंबाखू-विडी घेतात, त्या सर्वांनी. ईएसआयसीचा दवाखाना, महापालिकेचा दवाखाना, कोठेही रक्तदाब आणि साखर तपासून मिळते. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना धावताना एकाएकी साखर उतरण्याची भीती असते. त्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी ठेवावी आणि उपाशीपोटी जाऊ नये. छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घेरी, असे काही झाले तर "दोन मिनिटांत बरे वाटेल" म्हणून थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. उन्हाची तर कायम धास्ती बाळगावी. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात विशी-पंचविशीचे काही उमेदवार दगावले. त्यानंतर अंतर कमी झाले. धडधाकट पोरांची ही गत, तर ऑक्टोबरच्या उन्हात आठ वाजता धावणाऱ्या चाळिशीच्या माणसाने काय समजावे? आणि तोंडात तंबाखूची गोळी ठेवून मैदानावर येणाऱ्या बांधवांना आम्ही एवढेच विचारतो की पंचशील घेताना पाचवे शील आपण मोठ्याने म्हणता की हळू?

संसारी माणसाचा नेम मोडणारच. मुलाला ताप येतो, दहावीची परीक्षा येते, ओव्हरटाइम लागतो, गावी मयत होते. त्यासाठी आमचा एक साधा ठोकताळा आहे. आठवडाभर खंड पडला तर जिथे सोडले तिथून सुरू करावे. दोन-तीन आठवडे पडला तर दोन पायऱ्या मागे जावे. महिना उलटला तर पुन्हा चालण्यापासून. रात्रपाळीवाल्यांनी पाळी संपल्यावर धावण्याचा हट्ट करू नये; आधी झोप, मग संध्याकाळी वीस मिनिटे. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी स्टेशन ते घर रिक्षा न करता पायी यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे किंवा जोराच्या श्रमाची ७५ ते १५० मिनिटे सांगितली आहेत. पूर्वीची, एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम व्हावा ही अटही तेव्हा काढून टाकली. म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी केलेलेही जमेस धरले जाते. जिने चढणे, भरभर चालणे, सगळे खात्यात जमा. आम्ही हिशोबातली माणसे, आम्हाला हे विशेष आवडले.

राहता राहिला मैदानाचा प्रश्न. अनेक वस्त्यांत मैदान आहे पण दिवा नाही, दिवा आहे तर फाटकाला कुलूप, कुलूप नाही तर रात्रीच्या दारूच्या बाटल्यांच्या काचा. अशा जागी बायकांनी पहाटे धावावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर जेवढी वर्गणी उडते, तेवढ्यात मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार दिवे लागतात, हे आम्ही पूर्वीही लिहिले आहे आणि मंडळांच्या तरुणांचा राग ओढवून घेतला आहे. तरी पुन्हा लिहितो. महापालिका शाळांची पटांगणे पहाटे दोन तास वस्तीतील महिलांसाठी उघडावीत, असा अर्ज विभाग कार्यालयात देता येतो. अर्जाखाली वस्तीतील पन्नास-साठ महिलांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत नगरसेवकाला द्यावी, आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली त्या अर्जाचे काय झाले ते विचारावे. अर्जाचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी या सदराच्या नावे आपला पत्ता लिहिलेले पाकीट कार्यालयात पाठवावे.